खडकावर दुसरा प्रहार

शास्त्रपाठ : निर्गम १७:१–७; गणना २०:१–१३; उत्पत्ति २६:१७–२२



आमच्या जालना जिल्ह्यातील कोणत्याही खेड्यात फाल्गुन सरून चैत्र लागला म्हणजे पारावर एक शब्द ऐकू येऊ लागतो. तो शब्द 'बहात्तर' हा होय. विहिरीचा तळ दिसू लागला, वळवाचा ढग आला तसा निघून गेला, की वृद्ध माणसे मान हलवून म्हणतात, "बहात्तर येणार." ज्यांनी ते साल प्रत्यक्ष पाहिले त्यांचे केस आता पांढरे झाले आहेत, ज्यांनी पाहिले नाही त्यांनी ते आजीच्या मांडीवर बसून ऐकले आहे. ह्या एका शब्दाच्या भयाने कोणी बैलजोडी विकतो, कोणी मुलीचे लग्न घाईने उरकतो, कोणी सावकाराच्या दारी जाऊन आणखी एक बोअर पाडतो, आणि कोणी मत कोणास द्यावे हेही त्यावरच ठरवितो. यास्तव आज आपण देवाच्या वचनाच्या प्रकाशात असा विचार करू की, गेलेले संकट पुन्हा येईल ह्या भयाने माणसे व गावे कशी वागतात, आणि देवाच्या लोकांनी कसे वागावे.

शास्त्रात पाण्याच्या तंट्याची कथा दोनदा आली आहे. पहिली निर्गमाच्या सतराव्या अध्यायात आहे. इस्राएल लोक मिसर देशातून नुकतेच निघाले होते. रफीदीम येथे त्यांस प्यावयास पाणी मिळेना. तेव्हा ते मोशेशी भांडू लागले. देवाने मोशेस आज्ञा केली की, लोकांच्या वडिलांस बरोबर घेऊन जा व खडकावर काठी मार. मोशेने तसे केले, पाणी निघाले, आणि त्या जागेस मस्सा व मरीबा, म्हणजे परीक्षा व भांडण, अशी नावे पडली.

दुसरी कथा गणनेच्या विसाव्या अध्यायात आहे, व पुष्कळ शास्त्री ती अरण्यवासाच्या चाळिसाव्या वर्षातील समजतात. मिसरातून निघालेल्या पिढीतील बहुतेक माणसे ह्या वेळेपर्यंत अरण्यात मरून गेली होती. कादेश येथे मिर्यामही मरण पावली. पुन्हा पाणी नाही, पुन्हा लोक मोशे व अहरोन यांच्याभोवती जमले, आणि नवल हे की ज्या लेकरांनी मिसराची वीट कधी थापली नव्हती त्यांच्या तोंडी बापांचेच बोल होते: आम्हांस येथे मरावयास का आणिले? ह्या वेळी देवाने मोशेस काठी हाती घ्यावयास सांगितले, परंतु खडकाला मारावयास सांगितले नाही; लोकांच्या देखत खडकाशी बोलावयास सांगितले. मोशे संतापला होता. त्याने लोकांस कठोर शब्द बोलून खडकावर दोनदा काठी मारली. पाणी तर निघाले, माणसे प्याली, जनावरेही प्याली. तरी त्याच दिवशी देवाने ठरविले की, हा पुढारी ह्या लोकांस वचनाच्या देशात नेणार नाही.

वाचकहो, आम्हांस पूर्वी ही शिक्षा फार जड वाटत असे. काठी मारल्याने असे काय बिघडले? चाळीस वर्षांपूर्वी त्याच देवाने मारावयास सांगितले नव्हते काय? परंतु खरा दोष येथेच आहे. मोशेने आजची आज्ञा ऐकली नाही. जुन्या दिवसाची कृती तेवढी पुन्हा केली. संकट तेच आहे असे समजून त्याने उपायही तोच केला, आणि पहिल्या दिवशी जे आज्ञापालन होते ते दुसऱ्या दिवशी अविश्वास ठरले.

आता ह्या कथेच्या उजेडात आपल्या जिल्ह्याकडे पाहू. येथेही दोन साले आहेत, आणि त्यांमध्येही चाळीस वर्षांचेच अंतर आहे: १९७२ आणि २०१२.

पहिली गोष्ट : संकट पुन्हा येते, परंतु त्याच रूपाने येत नाही.

१९७२ साली मराठवाड्यात पावसाने पाठ फिरविली, ती एकच वर्ष नव्हे. त्याआधीची दोन वर्षेही वाईटच गेली होती. खरीप गेला, रब्बी गेला, कणगी रिकामी झाली. माणसे खडी फोडावयास, रस्त्यावर व पाझर तलावावर माती टाकावयास गेली. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख मजूर अशा दुष्काळी कामांवर होते. परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी लोकांनी खाल्ली, लेकरांनी सुकडी खाल्ली. ज्यांनी ती खाल्ली ते अजून तिची चव सांगतात.

२०१२ साली पुन्हा पाऊस चुकला, आणि २०१३ चा उन्हाळा आमच्या जिल्ह्यास फार कठीण गेला. जालना शहरास निजामकाळापासून पाणी पुरविणारा घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला. गावोगाव टँकरची वाट पाहत घागरींच्या रांगा लागल्या. ज्या मोसंबीकरिता आमचा जिल्हा दूरवर प्रसिद्ध आहे तिच्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या, आणि पोटच्या लेकराप्रमाणे वाढविलेली झाडे शेतकऱ्यांनी आपल्या हाताने तोडून सरपणास दिली.

दोन्ही साले पाहिलेले म्हातारे एक मार्मिक वचन बोलतात. ते असे की, बहात्तरला दाणा नव्हता पण पाणी होते. बारा साली दाणा होता पण पाणी नव्हते. बंधूंनो, ह्या वचनावर थांबून विचार करा. लोक चाळीस वर्षे उपासमारीच्या भयाने जगले, आणि आली ती तहान. ते ज्या दाराकडे डोळे लावून बसले होते त्या दाराने शत्रू आलाच नाही. तो परसदाराने आला. आणि २०२५ च्या सप्टेंबर महिन्यात तर ह्याच मराठवाड्यात अतिवृष्टीने उभी पिके व काठची माती वाहून गेली. दुष्काळाचे भय बाळगणाऱ्यांनी ओढ्यानाल्यांच्या पात्रापर्यंत नांगर नेला असेल, तर पुराने तेथे प्रथम हात घातला. तात्पर्य, जो केवळ कालच्या संकटास भितो तो आजच्या संकटास आंधळा होतो.

दुसरी गोष्ट : भय हे सर्वथा वाईट नव्हे.

कोणी म्हणेल, तर मग पाळकबुवा, मागचे विसरूनच जावे काय? नाही, खचित नाही. देवाने मोशेस कादेश येथेही काठी हाती घ्यावयास सांगितलेच होते. काठी हे स्मरण होय. तिने समुद्र पाहिला होता, तिने रफीदीमचा खडक पाहिला होता. स्मरण हाती असावे, मात्र आज्ञा आजची ऐकावी. योसेफाने मिसर देशात सात वर्षे कोठारे भरली, तीही पुढील दुष्काळाच्या भयानेच. परंतु त्याचे भय एका घरापुरते नव्हते, ते सगळ्या देशाकरिता होते.

आमच्या राज्यातही असे घडले आहे. मागील शतकांतील दुष्काळांत, विशेषतः १८९९–१९०० च्या 'छप्पन्नाच्या दुष्काळात', ह्या देशात माणसे लाखांनी मेली. १९७२ साली पिके तितकीच बुडाली, तरी तशी प्राणहानी झाली नाही. कारण लोकांस काम व मजुरी मिळाली. तो धडा राज्याने विसरू दिला नाही. वि. स. पागे यांनी ज्या योजनेचा आग्रह धरला होता तिला १९७७ साली रोजगार हमी कायद्याचे रूप आले, व २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्यास पंधरा दिवसांत काम द्यावे, न दिल्यास भत्ता द्यावा, असा तो कायदा. त्यासाठी शहरातील नोकरदार व व्यापारी यांच्यावर व्यवसाय कर बसला. म्हणजे मुंबईच्या मनुष्याच्या पगारातून भोकरदनच्या बांधावरील बाईस मजुरी मिळू लागली. पुढे २००५ साली देशाच्या कायद्यानेही हाच मार्ग धरला. ह्या कायद्याच्या अंमलात कसूर झाली नाही असे आम्ही म्हणत नाही. हजेरीपटाच्या कथा तुम्ही आमच्यापेक्षा अधिक जाणता. तरी मूळ गोष्ट ध्यानी घ्या. भय जेव्हा 'माझे कसे होईल' असे न विचारता 'आपले कसे होईल' असे विचारते, तेव्हा त्यातून कायदा निघतो, कोठार निघते, तलाव निघतो.

ह्याहून आपल्या अगदी जवळचे एक उदाहरण आहे, व आमच्या तरुणांस ते बहुधा ठाऊक नाही. त्या दुष्काळी काळात वाऱ्याच्या दाबाने चालणारी खडक फोडण्याची यंत्रे आपल्या भागात आली. आमचा काळा पाषाण किती कठीण आहे हे विहीर खोदणाऱ्या प्रत्येक वडारी बांधवास ठाऊक आहे; महिनोन् महिने सुरुंग लावावे तेव्हा चार पुरुष खोली मिळे. ह्या यंत्रांनी काही तासांत खडकास भोक पाडून पाणी काढले. परंतु त्यावर बसविलेले ओतीव लोखंडाचे हातपंप वारंवार मोडू लागले. कारण ते एका घरच्या वापराकरिता घडविलेले होते आणि त्यावर सारे गाव पाणी भरीत होते. तेव्हा येथे जालन्यास, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनच्या पाणीकामात, पोलादाचा मजबूत हातपंप घडविण्यात आला. त्याचे नाव 'जालना पंप' असेच पडले. सोलापूर येथील मिशनच्या कारागिरांनी त्यात आणखी सुधारणा केली, आणि त्या 'सोलापूर पंपा'च्या आधारे १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात 'इंडिया मार्क २' हा पंप तयार झाला. तो भारतभर गेला व आफ्रिकेच्या अनेक देशांतही पोहोचला. आज तुमच्या शाळेपुढे किंवा देवळापुढे जो हातपंप उभा असेल त्याच्या कुळात जालन्याचे नाव आहे.

एका घरासाठी केलेली वस्तू साऱ्या गावाच्या तहानेपुढे मोडली, म्हणून साऱ्या गावासाठी वस्तू केली. हा खडकावरील पहिला प्रहार होय. तो वडिलांच्या समक्ष झाला, त्याचे पाणी सर्वांचे होते, आणि देवाने त्यास आशीर्वाद दिला.

तिसरी गोष्ट : एकएकट्याचे भय तेच संकट ओढून आणिते.

आता दुसरा प्रहार पाहा. तेच यंत्र, तोच खडक. परंतु आता ते गावाच्या चौकात उभे राहत नाही. रात्रीच्या वेळी कोणा एकाच्या शेतात येते. शेजाऱ्याचा बोअर दोनशे फूट गेला म्हणून आपला तीनशे. आपला तीनशे म्हणून त्याचा पाचशे. प्रत्येकाच्या मनात एकच विचार, की पुन्हा बहात्तर येण्याआधी माझे पाणी मी हाती करून घेतले पाहिजे. अशा रीतीने खडकाच्या पोटात वर्षानुवर्षे साचलेले पाणी आम्ही पंचवीस-तीस वर्षांत उपसून काढिले. बहात्तरला उथळ विहिरींत जे पाणी टिकले होते ते बारा साली का टिकले नाही, ह्याचे मोठे उत्तर येथे आहे. बहात्तरच्या भयाने पाडलेल्या बोअरांनीच बारा सालची तहान अधिक खोल केली.

राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्याने शेती व कारखाने यांसाठी साठ मीटरहून खोल विहिरी खोदण्यास मनाई केली, व त्या कायद्यास २०१३ साली रूप आले. तरी कायदा कागदावर आणि यंत्र शेतात, असे आपण सर्वांनी पाहिले आहे. शेततळ्यांचेही तसेच. पावसाचे वाहते पाणी धरावे म्हणून ती सांगितली गेली. परंतु पुष्कळ ठिकाणी बोअरचे पाणी उपसून प्लास्टिकच्या कागदावर उन्हात पसरून ठेविले जाते. जमिनीच्या पोटात जे सर्वांचे होते ते वर येऊन एकाचे झाले, आणि त्यातील पुष्कळ सूर्याने प्याले.

जे शेतकऱ्याचे तेच जिल्ह्याजिल्ह्यांचे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली लोकांस अर्पण झाले, व त्याच्या डाव्या कालव्याच्या पाण्याने आमच्या अंबड, घनसावंगी व परतूर ह्या तालुक्यांचे शिवार भिजते. पाऊस बरा झाला की गोदावरीच्या वरच्या व खालच्या अंगाचे लोक भाऊभाऊ असतात. पाऊस कमी झाला की नाशिक-नगरकडील शेतकरी म्हणतो, माझे पाणी नेतील. मराठवाड्याचा शेतकरी म्हणतो, माझे अडवतील. खोऱ्यात तुटीच्या वर्षी पाणी सारखे वाटून घ्यावे असा २००५ चा कायदा आहे. तरीही प्रत्येक वाईट वर्षी तेच मोर्चे, तेच अर्ज, न्यायालयात तोच वाद. आणि अशा वेळी पुढाऱ्यांस फार सोपे जाते. नवे काही करावयास नको. जुन्या जखमेवर बोट ठेविले म्हणजे लोक ओरडतात, आणि ओरडणारे लोक कामाचा हिशेब विचारीत नाहीत. मरीबाचा अर्थ भांडण असा आहे. आणि भांडणाचे गाव वसवून त्याचे भाडे खाणारे लोक सर्व काळी असतात.

परंतु दुसऱ्यांचे दोष सांगून आम्ही व्यासपीठावरून उतरलो, तर ते ढोंग होईल. म्हणून आम्ही आमच्या स्वतःच्या मंडळीत घडलेली गोष्ट सांगतो. गावाचे नाव सांगत नाही.

२०१३ च्या चैत्रात आमच्या प्रार्थनामंदिराच्या आवारातील हातपंपास अद्याप पाणी होते. अर्धा तास चालावा, मग अर्धा तास विसावा द्यावा, असे ते पाणी. गावातील इतर पंप खडखडू लागले होते. मंडळीचे वडील जमले. त्यांपैकी दोघांनी बहात्तर पाहिले होते. ते म्हणाले, हे सुरू ठेविले तर सारे गाव येईल आणि आपली लेकरे तहानेने मरतील. पंपाच्या दांड्यास साखळी घालून कुलूप लावावे. आम्ही तेव्हा तरुण होतो व नुकतेच त्या मंडळीत आलो होतो. आम्हांसही ते शहाणपणाचे वाटले. कुलूप आणिले गेले, आणि किल्ली आमच्या खिशात राहिली.

तिसऱ्या दिवशी दुपारी गावातील एक बाई दोन घागरी घेऊन आली. ती आमच्या मंडळीची नव्हती. ज्या आळीच्या विहिरीवर आमच्या वाडवडिलांस पाऊल ठेवू देत नसत त्या आळीची होती. आम्ही तिला सांगितले की, उद्या पंचांना विचारून कळवू. ती परत गेली नाही. कुंपणाच्या बाहेर लिंबाखाली घागरी ठेवून बसून राहिली. आम्ही दार लावून घेतले व रविवारच्या उपदेशाची तयारी करू लागलो.

थोड्या वेळाने आमच्या मंडळीतील सर्वांत वृद्ध भगिनी काठी टेकीत आल्या. त्यांनी त्या बाईकडे पाहिले, कुलपाकडे पाहिले, मग आमच्या दाराशी येऊन म्हणाल्या, "बाबा, म्या लहान होते तवा अशीच बसायचे. घागर लांब ठिवायची अन् कुणी वरून वाढील म्हणून वाट बघायची. आज ती माझ्या जागी बसली, अन् आपण तिच्या."

वाचकहो, आम्ही धर्मविद्यालयात अनेक ग्रंथ वाचले होते. परंतु गणनेचा विसावा अध्याय आम्हांस त्या दुपारी समजला. आम्ही बहात्तर पुन्हा येईल म्हणून भीत होतो, आणि त्या भयाने त्याहून कितीतरी जुनी व कितीतरी वाईट गोष्ट आम्ही आपल्या हाताने परत आणिली होती. जे मोडावे म्हणून १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा हौद खुला केला, जे मोडावे म्हणून १९२७ साली डॉ. आंबेडकर यांनी महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ज्यातून सुटण्यासाठी आमच्यातील कित्येकांचे आजे-पणजे रे. नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ वसविलेल्या बेथेल गावी आले, तेच कुलूप आम्ही प्रभूच्या घराच्या आवारात लाविले होते. शोमरोनाच्या विहिरीवर ज्या प्रभूने परक्या जातीच्या स्त्रीजवळ स्वतः पाणी मागितले, त्याचे नाव आमच्या दारावर रंगविलेले होते.

आम्ही किल्ली घेऊन बाहेर आलो. त्या दिवसापासून साखळी निघाली. घरटी दोन घागरी, आळीआळीने पाळी, आधी आजारी व बाळंतीण, असा नियम झाला, आणि तो नियम आमच्या एकट्यांच्या पंचांनी नव्हे तर सर्व आळ्यांच्या बायकांनी बसून केला. येथे आम्ही चमत्कार सांगणार नाही. कारण तसा झाला नाही. वैशाखात तो पंप आटला. कुलूप असते तरीही तो आटलाच असता. मग आम्हीही इतरांबरोबर टँकरच्या रांगेत उभे राहिलो. परंतु त्या रांगेत आम्हांस कोणी मागे ढकलिले नाही, आणि ज्या बाईस आम्ही लिंबाखाली बसविले होते तिने एकदा आमच्या त्या वृद्ध भगिनीची घागर आपल्या डोक्यावरून घरी नेऊन दिली.

चौथी गोष्ट : देवाचे लोक मागचे काम पुन्हा करितात, मागचे भांडण पुन्हा करीत नाहीत.

हे आपणांस इसहाकापासून शिकता येते. त्याच्या बापाने खोदविलेल्या विहिरी पलिष्टी लोकांनी मातीने बुजविल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा उपसल्या व बापाने ठेविलेलीच नावे त्यांस दिली. ही देखील पुनरावृत्तीच आहे, पण ती पवित्र आहे. नंतर त्याच्या चाकरांनी नवी विहीर खोदली, तर गराराचे गुराखी भांडावयास आले. तिचे नाव एसेक, म्हणजे तंटा. दुसरी खोदली, तीवरही भांडण. तिचे नाव सितना, म्हणजे वैर. इसहाकाने तेथे ठाण मांडून सूड घेतला नाही. तो पुढे गेला, तिसरी विहीर खोदली, तिजविषयी कोणी भांडले नाही. तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. ज्याचे हात खोदण्यात गुंतलेले असतात त्यास भांडावयास सवड कमी मिळते.

आपल्या जिल्ह्यातही इसहाकाची कामे झाली आहेत. घाणेवाडीचा तलाव कोरडा पडला तेव्हा जालन्याच्या नागरिकांनी त्यातील गाळ उपसण्याचे काम हाती घेतले, व शेतकऱ्यांनी तो सुपीक गाळ आपल्या शेतात नेला. बापाची बुजलेली विहीर उपसणे ते हेच. जालना तालुक्यातील कडवंची गावाने नव्वदीच्या दशकापासून खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या साह्याने डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाचे काम केले. चर खणले, बांध घातले, ओढ्यांवर बंधारे बांधिले. २०१२ साली भोवतालची शिवारे करपली तेव्हाही त्या गावच्या द्राक्षबागा तगल्या. त्या गावाने इतरांपेक्षा वेगळा पाऊस पाहिला नाही. पावसाचा थेंब कोठे पडतो व कोठे जातो एवढे त्याने एकत्र बसून पाहिले, आणि ते दुष्काळाच्या वर्षी नव्हे तर पुष्कळ आधी पाहिले. खडकास मारण्याऐवजी खडकाशी बोलणे म्हणजे काय, असे आम्हांस कोणी विचारिले तर आम्ही कडवंचीच्या डोंगराकडे बोट दाखवू.

म्हणून, बंधूंनो, ह्या उपदेशाचा उपयोग काय, हे थोडक्यात सांगतो.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे की, दुष्काळाविषयी बोलताना लोकांस केवळ भिववू नका. भ्यालेला मनुष्य प्रार्थनेस येतो खरा, पण तो घरी जाऊन कुलूप लावितो. दसऱ्याच्या सुमारास, विहिरी भरलेल्या असतानाच, ग्रामसभेत जा. गावच्या पाण्याचे माप घ्यावे, त्यावरून रब्बीस काय पेरावे व उन्हाळ्यास किती राखावे हे ठरवावे, असा आग्रह धरा. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सरकारने भोकरदन, जालना, बदनापूर, अंबड व मंठा हे आपले तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले, तेव्हा ज्या गावांत असा हिशेब आधीच झाला होता तेथे भांडण कमी झाले, हे आम्ही आमच्या फिरतीत डोळ्यांनी पाहिले.

मंडळीच्या वडिलांस आम्ही म्हणतो, मंडळीच्या आवारातील विहीर, पंप किंवा टाकी ही देवाची आहे. तिची किल्ली एका खिशात ठेवू नका.

वृद्ध जनहो, तुमचे स्मरण हे मंडळीचे धन आहे. परंतु नातवंडांस बहात्तरची मिलो सांगता तशी हीही गोष्ट सांगा की, त्या साली कोणी कोणास भाकरी दिली, खडी फोडताना कोणी कोणाचे लेकरू सांभाळले. लेकरांनी आपले बोल उचलावयाचेच आहेत, तर ते कादेशाच्या कुरकुरीचे नसावेत.

आणि तरुणांनो, जेव्हा कोणी पुढारी येऊन तुम्हांस सांगेल की, पूर्वी अमक्या जातीने, अमक्या जिल्ह्याने, अमक्या धर्माच्या लोकांनी तुमचे हिरावले आणि आता ते पुन्हा हिरावणार आहेत, तेव्हा त्यास दोनच प्रश्न विचारा. बाबा, खोदावयाचे कोठे? आणि ते पाणी कोणाकोणास मिळेल? ह्यांचे उत्तर त्याजजवळ नसेल, तर तो केवळ काठी आपटावयास आला आहे असे समजा.

मागचे दिवस पुन्हा येतील काय? पावसाविषयी आम्ही सांगू शकत नाही. तो देवाच्या हाती आहे. परंतु कुलुपाविषयी सांगू शकतो, कारण ते आपल्या हाती आहे.

प्रार्थना : हे प्रभो, आमच्या वाडवडिलांस तू रानात पाजलेस, हे आम्ही विसरू नये असे कर. परंतु त्यांचे भय आम्ही तुझ्या वचनाच्या जागी बसवू नये. आमच्या हाती काठी असो आणि आमचे कान तुझ्याकडे असोत. ज्या दारांवर आम्ही कुलपे घातली ती आम्हांस दाखीव, व ती उघडावयास धैर्य दे. ह्या जिल्ह्याच्या शिवारांवर वेळच्या वेळी पाऊस पाड, आणि जो थेंब पडेल तो आम्ही एकमेकांबरोबर वाटून प्यावा, असे येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.